लाल पाटी

सकाळी सहाला परांची थंड असते.
तेवढ्यातच हात लावून घ्यायचा तिला.
नऊनंतर परभणीचा मे
पाईपाचा तवा करून ठेवतो,
आणि पोळलेला हात
कपलर नीट आवळत नाही.

मी पायांपासून सुरू करते.
वसमत रस्त्याला सगळी काळी जमीन.
भेगांमध्ये माझी मोजपट्टी वीतभर बुडते,
आणि टँकर जरा सांडला की हीच माती
फुगते, सरकते, रोज बोटभर गिळते
वर उभ्या केलेल्या कशालाही.
म्हणून पाईपाखाली लोखंडी पाटा,
पाट्याखाली बाभळीची जाड फळी.

खाजामियां हसतात.
त्यांनी बांबूच्या परांच्या बांधल्या जन्मभर,
काथ्या दातात धरून.
"बेटी, तवा कायदा एकच होता.
जो बांधंल, तोच आधी चढंल."
मी लिहून घेतला. छापील यादीत नव्हता.

गुरुवारी तिसऱ्या मजल्यावर
दोन फळ्या गायब, कठड्याची आडवी नळी सोडलेली.
प्लेटा आत घ्यायला कुणीतरी काढली
आणि परत लावायची राहिली.
खाली एक पाय जमिनीत उतरलेला.
मी हिरवी पाटी काढली. लाल अडकवली.

तातेराव धावत आले, मुकादमाचा फोन कानाला तसाच.
"मॅडम, मिक्सर निघाला तिकडून!
पडायलंय का ते? उभं हाय की डोळ्यासमोर."
उभी होतीच.
पडेपर्यंत उभीच असते.

टाकीच्या सावलीत चौदा माणसं बसून राहिली.
सावली सरकली तशी तीही सरकली.
अर्धा रोज गेला.
मुंजाजीला मुलीच्या चष्म्याचे पैसे द्यायचे होते.
तो मला बोलला नाही,
मला ऐकू जाईल असं दुसऱ्याला बोलला :
"जीव आमचा, आन् कुलूप हिचं."

उत्तर होतं माझ्याकडे, कलमासकट.
दिलं नाही.
माझा पगार त्या दिवशी कापला जाणार नव्हता.

दुपारी वावटळ उठली.
सिमेंटच्या रिकाम्या गोण्या टाकीच्या वर उडाल्या,
जालन्याहून भाड्यानं आणलेला पाळणा
मान दुमडून उभा होता.
आणि मला वाटलं,
आता पडावं काहीतरी.
सगळी नाही, एखादी नळी तरी,
चौदा जणांच्या देखत.
काहीच पडलं नाही.
मला तसं वाटलं होतं, हे मात्र
अजून जात नाही मनातून.

संध्याकाळी रजिस्टर. अपघात : निरंक.
शाई वाळायच्या आत पान उलटलं.
कुठल्या रकान्यात लिहू
की पूर्वेच्या कोपऱ्यातून आज
कुणीही पडलं नाही?

शुक्रवारी पाय उचलून नवी फळी घातली.
खाजामियां आधी चढले, नाचल्यासारखे दोनदा उड्या मारून आले.
मग हिरवी.

शनिवारी पाळण्यातून वर गेले, कडं बघायला.
सोबत मुंजाजी, तोंड फिरवून.
पाळण्याबरोबर आलेला फेरोज लिव्हरवर.
खाली रस्ता आकसत गेला,
विद्यापीठाची नांगरलेली रानं,
रुळावरून सावकाश चाललेली मालगाडी.
मी फोटोसाठी जरा वाकले.

"थांब रे," मुंजाजी म्हणाला.
पाळणा अधांतरी डुलत थांबला.
तो काही बोलेना. माझ्या कमरेकडे बघत राहिला.
पट्टा होता. हूक मोकळा लोंबत होता,
कालपासून मी ज्याच्यावर सगळ्यांना ओरडत होते तोच.

खट्.

आवाज झाल्यावरच त्यानं फेरोजला मान हलवली.
बऱ्याच वेळानं, गाडी गेलेल्या दिशेला बघत म्हणाला,
"चष्म्याचं काय, बघू पुढल्या हप्त्यात.
पाटीवर अक्षरं मोठी काढा पर.
खालून दिसनात."